काळ्या पार्श्वभूमीवरचे हिम : विल्सन बेंटले यांच्या छायाचित्रांचे पुनर्वाचन

शालेय विज्ञानाच्या पुस्तकात हिमकणाचे चित्र द्यावयाचे असेल तर ते बहुधा एकाच घराण्यातून येते. काळ्याभोर पार्श्वभूमीवर सहा फाट्यांची पांढरी, जाळीदार चांदणी आणि तिची प्रत्येक फांदी दुसरीसारखी. या प्रतिमेचा उगम अमेरिकेच्या ईशान्य भागातील व्हरमॉन्ट राज्यात, जेरिको या खेड्यातील एका शेतकऱ्याच्या थंडगार पडवीत आहे. विल्सन बेंटले (१८६५-१९३१) हे त्या शेतकऱ्याचे नाव. त्यांनी सुमारे सत्तेचाळीस हिवाळे हे काम केले, पाच हजारांहून अधिक हिमस्फटिक काचेवर उतरवले आणि आयुष्याच्या अगदी शेवटी, नोव्हेंबर १९३१ मध्ये, त्यांपैकी निवडक चोवीसशेहून अधिक चित्रांचा ‘स्नो क्रिस्टल्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झालेला पाहिला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, २३ डिसेंबर रोजी, ते न्यूमोनियाने वारले.

बेंटले यांच्याविषयी जे लिहिले जाते त्यात चरित्राचा भाग फार आणि चित्रांचा भाग थोडा असतो. घरीच आईकडे शिकलेला मुलगा, आईने दिलेला सूक्ष्मदर्शक, वडिलांची नाराजी, गावकऱ्यांची थट्टा आणि शेवटी जगभर कीर्ती, हा मजकूर प्रेरक आहे आणि बहुतांशी खराही आहे. परंतु छायाचित्रकाराचे मूल्यमापन त्याच्या कष्टांवरून करावयाचे नसते. त्याने काय दाखवले, काय वगळले आणि दाखवलेल्या गोष्टीवर पाहणाऱ्याने किती विश्वास ठेवावा, हे प्रश्न चित्रांसमोरच विचारावे लागतात. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे. बेंटले यांची कीर्ती ज्या चित्रांवर उभी आहे ती त्यांची सर्वांत देखणी चित्रे खरी, पण त्यांच्या पाहण्याची खरी ताकद इतरत्र आहे. ती खिडकीवरच्या दहिवरात, कोळ्याच्या जाळ्यावरच्या दवात आणि पिठात पडलेल्या पावसाच्या थेंबात आहे. ऋतू जेथे बदलतो तेथे ती दिसते.

शब्दांविषयी थोडे

पुढे जाण्यापूर्वी भाषेची एक अडचण दूर केलेली बरी. आपल्या बोलण्यात ‘बर्फ’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी चालतो. गोळेवाल्याच्या लाकडी रंध्यावरचाही बर्फ आणि काश्मीरच्या डोंगरावरचाही बर्फच. शब्द फारसीतून आला. मूळ फारसीत ‘बर्फ’ म्हणजे आकाशातून भुरभुरत पडते ते, आणि पाणी गोठून झालेल्या घट्ट पदार्थाला ‘यख’ असा वेगळा शब्द आहे. दख्खनच्या उन्हात आकाशातले कधी पडलेच नाही, तेव्हा त्याचे नाव कारखान्यातल्या लादीला मिळाले. विषयाच्या दृष्टीने हा भेद मूलभूत असल्यामुळे येथे ढगात वाफेपासून स्फटिकरूपाने तयार होऊन पडते त्यास ‘हिम’, पाणी गोठून होते त्यास ‘बर्फ’, आणि हवेतील वाफ थंड पृष्ठभागावर थेट स्फटिकरूपाने जमते त्यास ‘दहिवर’ म्हटले आहे. गोठलेला पावसाचा थेंब म्हणजे हिमकण नव्हे, ही गोष्ट पुष्कळ पदवीधरांनाही ठाऊक नसते.

चित्र कसे निघे

बेंटले यांचे पहिले यशस्वी छायाचित्र १५ जानेवारी १८८५ चे. तेव्हा त्यांचे वय एकोणीस होते. हिमस्फटिकाचे जगातील पहिले सूक्ष्मछायाचित्र त्यांचे, असे सर्रास छापले जाते. वास्तविक जर्मनीत फ्लोगेल यांनी १८७९ मध्येच असे प्रयत्न केले होते. पहिलेपणाचा मान काढून घेतला तरी बेंटले यांचे काही बिघडत नाही, कारण इतक्या चिकाटीने हे काम त्यांच्याआधी कोणीच केले नव्हते.

पद्धत साधी होती, पण चुकीला जागा नव्हती. भात्याचा कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडलेला. खोलीत शेकोटी नाही, कारण काच, उपकरण आणि हात यांपैकी काहीही उबदार असले तर स्फटिक गेला. पडते हिम काळ्या फळीवर झेलायचे आणि साध्या नजरेने अगर भिंगाने चाळायचे. एखादा चांगला दिसला तर बारीक काडीच्या टोकाने उचलून काचपट्टीवर ठेवायचा आणि पक्ष्याच्या पिसाने हलकेच दाबून सपाट करायचा. हे सारे श्वास रोखून, कारण उच्छ्वासानेही तो वितळतो. नंतर काचपट्टीच्या मागून येणारा आकाशाचा प्रकाश घेऊन, लहान छिद्रातून, कित्येक सेकंदांचे उद्भासन द्यायचे. बाकीचे हिम त्याच पिसाने झटकून टाकायचे.

या शेवटच्या कृतीकडे आतापर्यंत कोणी फारसे लक्ष दिलेले नाही. फळीवर शेकडो कण पडत आणि काचेवर एखादाच जाई. निवड कॅमेऱ्याच्या आधी, काडीच्या टोकावर होत होती.

दुसरी निवड अंधाऱ्या खोलीत होई. पारदर्शक स्फटिक मागून येणाऱ्या प्रकाशात टिपला की छापील चित्रात पार्श्वभूमी उजळ येते आणि स्फटिक तिच्यावर फिकट रेषांसारखा दिसतो. डोळ्याला हे चित्र दुबळे वाटते. बेंटले यांनी यावर उपाय शोधला. मूळ निगेटिव्हची दुसरी प्रत काढायची आणि त्या प्रतीवरील स्फटिकाभोवतीचा रासायनिक थर धारदार चाकूने खरवडून काढायचा. थर गेला की तेथे नुसती काच उरते आणि छापताना तो भाग काळा येतो. एकेका चित्राला कितीतरी वेळ लागे. आज सर्वांना परिचित असलेला तो गर्द काळोख म्हणजे हिवाळ्यातील रात्र नव्हे. तो चाकूने काढलेला आहे.

बर्लिनचा आक्षेप

बेंटले जेरिकोत काम करीत असतानाच बर्लिनमध्ये गुस्ताव हेलमान हे हवामानशास्त्रज्ञ हिमस्फटिकांचा अभ्यास करीत होते. त्यांच्यासाठी रिचर्ड नॉयहाउस यांनी सूक्ष्मछायाचित्रे काढली आणि १८९३ मध्ये हेलमान यांचे त्या विषयावरील पुस्तक निघाले. त्यापूर्वी केपलर यांनी १६११ मध्ये हिमाच्या षट्कोनी आकारावर छोटा प्रबंध लिहिला होता, हूक यांनी १६६५ मध्ये आपल्या ‘मायक्रोग्राफिया’त हिमाची रेखाटने दिली होती, आणि एकोणिसाव्या शतकात स्कोअर्सबी व ग्लेशर यांची सुबक चित्रे आली होती. ती सारी हाताने काढलेली आणि सारी नितांत समभुज. नॉयहाउस यांचे फोटो समोर आल्यावर मोठाच अपेक्षाभंग झाला. कण ओबडधोबड होते, एक फांदी लांब तर दुसरी आखूड, कोठे तुटलेले, कोठे एकमेकांत अडकलेले. हेलमान यांनी तो अपेक्षाभंग स्वीकारला. रेखाटन करणाऱ्यांनी आपल्या मनातील भूमिती निसर्गावर लादली होती आणि कॅमेऱ्याने ती उतरवली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

अशा वेळी अमेरिकेतून बेंटले यांची चित्रे येऊ लागली आणि त्यांत ती जुनी भूमिती पुन्हा निर्दोष रूपात हजर होती, तीही छायाचित्राच्या अधिकाराने. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन बाजूने उघड टीका झाली. चाकूने पार्श्वभूमी खरवडताना स्फटिकाची कडच बदलते आणि अशा चित्राला शास्त्रीय पुरावा म्हणता येत नाही, असा तिचा आशय होता.

हा वाद ‘प्रामाणिक शेतकरी’ आणि ‘मत्सरी प्राध्यापक’ असा रंगवण्याची पद्धत आहे, ती सोडून द्यावी. आक्षेप वजनदार होता. हिमस्फटिक वाढतो तो कडेने. कोपरे हवेत पुढे आलेले असतात म्हणून तेथे वाफ अधिक पोहोचते, कोपरा वेगाने वाढतो आणि त्याची फांदी होते. ज्या रेषेवर वाढीची सारी कथा लिहिली जाते नेमकी तीच रेषा बेंटले यांचा चाकू ठरवत होता. दुसरीकडे हेही खरे की, बेंटले यांनी स्फटिकाच्या आतील भागाला हात लावला नाही आणि मूळ काचा जपून ठेवल्या. आतल्या बारीक रेषा, हवेच्या नळ्या, एकात एक बसलेले षट्कोन म्हणजे कणाने ढगातून खाली येताना केलेल्या प्रवासाची नोंद आहे, असे ते मानत, आणि ते बरोबर होते. कडेच्या बाबतीत जर्मन टीका ग्राह्य आणि आतल्या भागाच्या बाबतीत बेंटले ग्राह्य, असा निवाडा आज द्यावा लागतो. मात्र चाकूपेक्षा मोठा दोष दोन्ही बाजूंच्या वादात मागे पडला, आणि तो होता प्रमाणाचा. बेंटले यांचे कोणतेही एक चित्र घ्या, ते खोटे नाही. चोवीसशे चित्रे एकत्र ठेवली की मात्र ती पाहणाऱ्याला चुकीची गोष्ट सांगू लागतात.

ग्रंथ उलगडला की पानांमागून पाने, ओळीने मांडलेल्या चांदण्या आणि चकत्या. प्रत्येकीचा आकार डोळ्यांत भरेल एवढा मोठा केलेला आणि प्रत्येकीभोवती तोच काळोख. मधूनच दोन्ही टोकांना चकत्या बसवलेली खुंटी, मधूनच त्रिकोणी कण, एखादा बारा फाट्यांचाही. या अपवादांवर नजर थांबते खरी, पण एकंदर ठसा उरतो तो असा की हिम म्हणजे हेच, आणि वादळभर आकाशातून अशीच रत्ने पडतात. प्रत्यक्षात जमिनीवर येणाऱ्या हिमात निर्दोष चांदण्या फारच थोड्या. बहुतेक कण मोडलेले, गोठलेल्या थेंबांनी माखलेले, नुसत्या सुया अगर आकारहीन खडे, किंवा अनेक कणांचे गुंतलेले पुंजके असतात. शिवाय प्रत्येक चित्राखाली तारीख नाही, तापमान नाही, वादळाच्या कोणत्या भागात कण पडला याचा पत्ता नाही. याचा सर्व दोष बेंटले यांच्यावर टाकता येणार नाही. त्यांच्या वह्यांत हे तपशील होते. अमेरिकी हवामान खात्याच्या ‘मंथली वेदर रिव्ह्यू’ या मासिकात १९०१ व १९०२ मध्ये लिहिताना त्यांनी वादळाचा भाग, ढग, तापमान आणि स्फटिकाचा प्रकार यांचा संबंध जोडण्याचा कसोशीने प्रयत्न केला होता. १९३१ च्या ग्रंथात डब्ल्यू. जे. हम्फ्रीज या भौतिकशास्त्रज्ञाचा लेख आणि बेंटले यांची चित्रे एकत्र आली, पण वहीतली नोंद बाहेरच राहिली. एक निरीक्षक नक्षीकार होऊन वाचकांसमोर आला.

‘कोणतेही दोन हिमकण सारखे नसतात’ हे वाक्यही याच नक्षीच्या पोटी जन्मले आणि बेंटले यांच्या नावाने जगभर फिरले. गुंतागुंतीच्या चांदण्यांपुरते ते व्यवहारतः खरे मानायला हरकत नाही. साध्या आकारांना मात्र ते लागू पडेलच असे नाही. १९८८ मध्ये नॅन्सी नाइट या अमेरिकी संशोधिकेने विस्कॉन्सिनच्या आकाशातून गोळा केलेल्या नमुन्यांतील दोन कण सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसत असल्याचे नोंदवले. ते खुंटीच्या जातीचे होते. ती जात नक्षीच्या चाहत्यांना आवडत नाही, म्हणून तिची चित्रेही कमी.

साप्पोरोहून आलेले उत्तर

बेंटले यांच्या ग्रंथावरील सर्वांत चांगली टीका शब्दांत नव्हे, प्रयोगात झाली. जपानमधील होक्काइदो विद्यापीठात १९३० पासून काम करणारे उकिचिरो नाकाया (१९००-१९६२) यांनी हा ग्रंथ पाहिला आणि तेथूनच ते या विषयाकडे वळले. प्रभावित झालेला माणूस अनुकरण करतो. नाकाया यांनी ते केले नाही. देखणे कण वेचण्याऐवजी जे पडेल ते टिपायचे असे त्यांनी ठरवले. तोकाची डोंगरावरील लाकडी झोपडीत मुक्काम करून काढलेल्या सुमारे तीन हजार चित्रांत कुरूप, तुटके, विषम कणही मानाने बसलेले आहेत. त्यावरून त्यांनी हिमस्फटिकांचे वर्गीकरण बांधले. पुढे १२ मार्च १९३६ रोजी शीतगृहात, सशाच्या केसाच्या टोकावर, त्यांनी पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला.

केस कशासाठी? ढगातला कण हवेत तरंगत वाढतो, प्रयोगशाळेत त्याला टांगण्यासाठी काहीतरी हवे. सुती दोरा वापरला की त्यावर दहिवराची दाटी होते. सशाच्या केसावर अधूनमधून बारीक गाठी असतात आणि एकेका गाठीवर एकेकच स्फटिक धरतो. नाकाया यांनी तापमान व आर्द्रता बदलून पाहिली. शून्याखाली दोनेक अंशांवर चकत्या, पाच अंशांच्या सुमारास सुया व खुंट्या, आणि पंधरा अंशांच्या आसपास, आर्द्रता भरपूर असेल तर, ती प्रसिद्ध फांद्यांची चांदणी. बेंटले यांच्या काळ्या पानांवरील बहुसंख्य नमुने उणे पंधरा अंशांच्या आजूबाजूचे आहेत हे यावरून ध्यानात येते. संपूर्ण हिवाळ्यातून त्यांनी तापमानाचा एक अरुंद पट्टाच उचलून धरला होता, आणि त्यांना ते कळण्याचे साधन नव्हते. आकार कशाने ठरतो हे नाकाया सांगू शकले, कारण त्यांनी कुरूप कणही मोजले होते. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये हार्वर्डने छापला. तो शेजारी ठेवून बेंटले पाहिले म्हणजे सौंदर्य कमी होत नाही, त्याचा पत्ता कळतो.

विज्ञानशिक्षकाच्या दृष्टीने येथे एक व्यवहाराची बाब आहे. शुभेच्छापत्रांवर आणि सजावटीच्या सामानावर आठ कोनांचे हिमकण सर्रास दिसतात. ते अशक्य आहेत. पाण्याचे रेणू गोठताना षट्कोनी जाळीत बसतात आणि स्फटिकाची बाह्य रचना तिलाच बांधलेली असते. तीन, सहा, क्वचित दोन कण जुळून बारा, पण आठ नाही. ही चूक मुलांच्या सहज लक्षात आणून देता येते. त्याच तासाला बेंटले यांची चांदणी ‘हिमाचा नमुना’ म्हणून दाखवली जाते, आणि ही दुसरी, अधिक सूक्ष्म चूक कोणाच्याच लक्षात येत नाही. नमुना म्हणजे सर्वांत सुंदर वस्तू नव्हे, हा धडा संख्याशास्त्राच्या तासाला स्वतंत्रपणे शिकवावा लागतो. वास्तविक तो येथेच, एका चित्रासमोर शिकवता येईल.

खिडकी, जाळे आणि पीठ

‘स्नो क्रिस्टल्स’च्या अखेरीस शंभराच्या आसपास चित्रे निराळ्या जातीची आहेत. दहिवर, झाडांवर गोठलेला थर, मऊ गारा, वनस्पतींवरचे आणि कोळ्याच्या जाळ्यावरचे दव. वाचक येथपर्यंत पोहोचतो तेव्हा चांदण्यांनी त्याचे डोळे दिपलेले असतात आणि तो ही पाने भरभर उलटतो. समीक्षेचा हात येथे थांबायला हवा.

खिडकीच्या काचेवरचे दहिवर घ्या. त्याची पिसे, नेच्याच्या पानांसारखे झुपके, वळणे घेत जाणाऱ्या रेषा यांत सहाची भूमिती रेणूंच्या पातळीवर असतेच, पण चित्रावर तिची सत्ता नाही. कारण येथे स्फटिकाला मोकळे आकाश मिळालेले नाही. काचेवरचा ओरखडा, पुसताना राहिलेला फडक्याचा फराटा, धुळीचा कण, चौकटीच्या फटीतून येणारी थंड झुळूक यांनी त्याला वाट दाखवली आहे. घरात चूल, माणसांचा श्वास, भांड्यातली वाफ, बाहेर कडक थंडी आणि मध्ये एकेरी काच. या तिन्हींच्या भांडणातून चित्र उमटते. ते सकाळी आहे आणि ऊन चढले की नाही. येथे निवडीला आणि खरवडण्याला वाव कमी. कण उचलून दुसरीकडे नेता येत नाही, जेथे आहे तेथेच टिपावा लागतो, आणि त्याच्याबरोबर ते घरही चित्रात येते. पुढे थंड देशांत दुहेरी काचांच्या खिडक्या रूढ झाल्या, आतली काच उबदार राहू लागली आणि हे दहिवर घरांतून जवळजवळ नाहीसे झाले. त्यामुळे बेंटले यांच्या या काचा एका निसर्गघटनेबरोबर राहणीच्या एका काळाचीही नोंद ठरतात. त्यांनी दहिवर आणि बर्फ यांवर १९०७ मध्ये ‘मंथली वेदर रिव्ह्यू’त दीर्घ लेखन केले, ते त्यांच्या चांदण्यांइतके कधीच वाचले गेले नाही.

हिम आपल्या वाचकाला परके, पण दहिवर तितके परके नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठल्याच्या बातम्या आणि छायाचित्रे थंडीच्या दिवसांत वृत्तपत्रांत येतात. ग्वाल्हेर-माळव्याकडच्या शेतकऱ्याला ‘पाला’ पडला म्हणजे काय होते हे सांगावे लागत नाही. वेधशाळेचा पारा शून्याच्या वर असताना गवतावर पांढरी साय कशी, हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. तापमापक जमिनीपासून चारेक फूट उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. निरभ्र आणि निवांत रात्री जमीन व गवताची पाती आपली उष्णता आकाशात फेकत राहतात आणि वरच्या हवेपेक्षा पुष्कळ थंड होतात. म्हणजे दहिवराचा फोटो हा पात्याच्या तापमानाचा पुरावा आहे, गावाच्या तापमानाचा नव्हे. बेंटले यांची दहिवराची चित्रे या कामी वर्गात उपयोगी पडतील. त्यांच्या चांदण्यांचा तसा उपयोग नाही.

दवाच्या चित्रांत कॅमेरा पडवीतून बाहेर आला. जाळ्याच्या प्रत्येक धाग्यावर ओळीने थेंब, मोठ्यांच्या मध्ये लहान, आणि ताणलेल्या धाग्यांना त्यांच्या वजनाने आलेला झोल. धाग्यावरचे पाणी सलग थरात टिकत नाही, पृष्ठताणामुळे त्याचे मणी होतात. हे समीकरणाने सांगितले तर विद्यार्थी लिहून घेतो, या चित्रात ते त्याला दिसते. प्रत्येक मणी भिंगासारखा वागून पलीकडचे जग उलटे दाखवतो. येथेही वेचकपणा आहे, सुंदर जाळे शोधलेलेच असणार. पण पार्श्वभूमी चाकूने उडवण्याची गरज कमी पडली, आणि वेळ चित्राच्या आत शिल्लक राहिली. हे पहाट झाल्यावरचे आणि ऊन लागण्याआधीचे आहे, हे चित्रच सांगते. चांदणीच्या चित्राला वेळ नसते. ती जानेवारीतली की मार्चमधली, वादळाच्या आरंभीची की शेवटची, काळोख काही बोलत नाही.

हिवाळा संपल्यावर बेंटले काय करीत, हे ग्रंथावरून कळत नाही. शेती आणि दुधाचा धंदा होताच. परंतु १८९८ ते १९०४ या काळात ते पावसात पीठ घेऊन उभे राहत. तबकात इंचभर जाडीचा बारीक पिठाचा थर, तबक काही क्षण पावसात धरायचे, पुन्हा झाकायचे. प्रत्येक थेंब पिठात आपल्याएवढी गोळी करतो. ती वाळली की मोजायची. गोळी आणि थेंब यांचे माप जुळते का, हे त्यांनी आधी ठाऊक मापाचे थेंब पिठात पाडून पडताळले होते. अशा रीतीने त्यांनी तीनशेहून अधिक नमुने घेतले आणि १९०४ मध्ये निष्कर्ष छापले. सर्वांत मोठे थेंब सुमारे पाव इंचाचे भरले. थेंबांच्या मापावरून ते ढगांकडे गेले. काही पाऊस वर हिम होऊन, वाटेत वितळून येतो आणि काही पावसाला हिमाची अवस्था नसतेच, असे दुहेरी उगमाचे अनुमान त्यांनी मांडले. हवामानशास्त्र त्या निर्णयाला पुढे अनेक दशकांनी पोहोचले.

या कामात त्यांनी थेंब निवडले नाहीत. तबकात जे पडले ते सर्व मोजले, लहान, मोठे, मधले. काळ्या फळीवर पिसाने झटकून टाकणारा हाच माणूस उन्हाळ्यातल्या पावसापुढे पूर्णपणे निःपक्षपाती होता. फरक स्वभावाचा नसावा, माध्यमाचा असावा. पिठाच्या गोळीत सुंदर आणि कुरूप असा भेद करायला जागा नाही. कॅमेऱ्यात ती भरपूर आहे, आणि स्फटिकाच्या मोहात सापडलेल्या माणसाला कॅमेऱ्याने त्या मोहाचे साधन पुरवले. छायाचित्र आपोआप वस्तुनिष्ठ असते ही समजूत एकोणिसाव्या शतकात होती. ती अद्याप गेलेली नाही, उलट मोबाइलच्या काळात बळावली आहे.

बेंटले यांनी १९०३ मध्ये आपल्या चित्रांचे शेकडो ठसे स्मिथसोनियन संस्थेकडे सुरक्षिततेसाठी पाठवले. त्यांच्या काचांचा सर्वांत मोठा संग्रह न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराच्या विज्ञान संग्रहालयात आहे, आणि जेरिकोतही त्यांच्या नावे छोटे प्रदर्शन आहे. खरवडलेली प्रत आणि तिची न खरवडलेली मूळ काच शेजारी शेजारी छापणारी आवृत्ती निघाली तर कडेच्या वादाचा निकाल एकेका चित्रापुरता लागू शकेल. १९६२ चे स्वस्त पुनर्मुद्रण, जे आज बहुतेक ग्रंथालयांत सापडते, तसे करीत नाही. ते १९३१ च्या पानांचीच पुनरावृत्ती आहे.

पिठाची पद्धत मात्र त्यांच्यामागे वेगळ्या वाटेने गेली. १९४३ मध्ये अमेरिकेतील लॉज आणि पार्सन्स यांनी पावसाची तीव्रता आणि थेंबांचे माप यांचा संबंध ठरवताना तीच तबके आणि तेच पीठ वापरले. थेंब जमिनीवर किती जोराने आपटतो आणि माती किती वाहून नेतो, याचे हिशेब त्यावर उभे राहिले.